क्लचचं सील तीनदा बदललं, तरी गळती परत: दोष सीलमध्ये नव्हताच

चौदा महिन्यांत माझ्या गाडीच्या क्लचमधून तीनदा ब्रेक ऑइल गळलं. तिन्ही वेळा मी किट (नव्या सीलांचा संच) टाकलं, एअर काढली, पेडल छान कडक लागलं आणि चार-पाच महिन्यांनी पेडलच्या मागच्या पत्र्यावर पुन्हा ओल. चौथ्यांदा किट आणायला निघालो, तेव्हा शेजारच्या गाळ्यातल्या काकांनी अडवलं. बेस्टच्या वर्कशॉपमध्ये आयुष्य घालवून निवृत्त झालेला माणूस. म्हणाले, "जुनी सीलं फेकलीस की ठेवलीस?" ठेवली होती. "मग आधी ती आण. नवी नंतर आणू."

ज्यांनी घरी गाडी बांधली आहे किंवा बांधायला घेतली आहे, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितोय. कंपनीच्या गाडीत पेडल किती सरकावं, पुशरॉड (पेडलपासून पिस्टनला ढकलणारी दांडी) कोणत्या कोनात बसावा, पाइप कुठून जावा हे कुणीतरी आधीच मोजून ठेवलेलं असतं. तिथे सील गळलं तर बहुतेक वेळा ते जुनं झालेलं असतं, बदललं की विषय संपतो. आपल्या गाडीत ही सगळी मापं आपण ठरवलेली असतात. त्यामुळे तेच सील दुसऱ्यांदा गेलं की सीलवर संशय घ्यायचा नाही, आपल्या मापांवर घ्यायचा. हे मला पहिल्याच वेळी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

गाडीबद्दल थोडक्यात. लोटस सेव्हनच्या धर्तीची दोन सीटांची उघडी गाडी आहे. इंजिन पुढे, ड्राइव्ह मागच्या चाकांना, चौकोनी पाइपची चेसिस. इंजिन आणि गिअरबॉक्स कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या भंगारातून आणले. बाकी सगळं भांडुपच्या गाळ्यात वेल्डिंग करून उभं केलं, पेडल बॉक्ससुद्धा. गाडीला नंबर नाही, ती रस्त्यावर जात नाही. एका ओळखीच्या माणसाच्या खासगी आवारात चालवतो.

आधी खात्री करा की गळतंय ते क्लचचंच आहे

गाडीखाली डाग दिसला की आपण लगेच निष्कर्षावर जातो. एका छोट्या वाटीत पाणी घ्या आणि गळालेल्या द्रवाचे दोन थेंब त्यात सोडा. ब्रेक ऑइल (क्लचमध्येही तेच असतं) पाण्यात विरघळून जातं. इंजिन ऑइल, गिअर ऑइल वर तरंगतं. गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र वासही येतो. कूलंट पाण्यात मिसळतं, पण त्याला हिरवा किंवा गुलाबी रंग असतो. बेलहाउसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधलं, क्लच झाकणारं कवच) खालून ठिबकत असेल तर ही चाचणी चुकवू नका, कारण तिथे क्रँकच्या मागचं सील, गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं सील आणि क्लच अशा तिघांचंही तेल एकाच भोकातून खाली येतं.

दुसरं म्हणजे रिझर्व्हॉयरवर (तेलाच्या बाटलीवर) मार्करने रेघ मारून तारीख लिहा. पेडल हळूहळू खाली बसतंय पण तेलाची पातळी तशीच आहे, तर बाहेर काहीच गळत नाही. मास्टरमधला (पेडलच्या रॉडने तेल दाबणारा सिलिंडर) पुढचा कप (दाब धरणारं सील) दाब धरत नाहीये आणि तेल आतल्या आत मागे फिरतंय. पातळी कमी होतेय, तर तेल नक्की बाहेर पडतंय, आणि ते कुठे हे शोधावंच लागेल. पातळी तशीच, पेडल स्पंजासारखं, पण दोन-तीनदा मारल्यावर कडक होतंय, तर आत हवा आहे. या तिसऱ्या प्रकारात लोक उगाच सीलं बदलत बसतात.

एक सुरक्षिततेची गोष्ट, जिथे मी अजिबात तडजोड करणार नाही. अनेक गाड्यांत क्लच आणि ब्रेकचा रिझर्व्हॉयर एकच असतो. कंपनीच्या गाड्यांत क्लचची नळी सहसा वरच्या बाजूने घेतलेली असते, म्हणजे क्लच गळला तरी ब्रेकसाठी तेल शिल्लक राहतं. आपण बांधताना ती खालून घेतली असेल तर क्लचची गळती एक दिवस ब्रेकच्या मुळावर येईल. मी क्लचला स्वतंत्र बाटली लावली आहे. तुम्हीही लावा.

जागा शोधणं

गळती जिथे दिसते तिथे ती असतेच असं नाही. तेल पाइपवरून, केबल टायवरून ओघळत दोन फूट लांब जाऊन ठिबकतं. म्हणून आधी सगळं धुवा. ब्रेक ऑइल पाण्यात जातं, त्यामुळे साबणाचं पाणी पुरतं. मग कोरड्या फडक्याने पुसून हवा मारा. त्यानंतर मास्टरचं तोंड, सगळे जोड, लवचीक होज, स्लेव्हचा (त्या तेलाच्या दाबाने सरकून क्लच सोडवणारा सिलिंडर) रबर बूट यांवर साधी टाल्कम पावडर भुरभुरवा. पावडरीवर ओघळ कुठून सुरू होतो ते स्पष्ट दिसतं. पेडलखाली, पाइपच्या जोडाखाली आणि स्लेव्हखाली वेगवेगळे पुठ्ठे ठेवा.

आता दोन रात्रींचं काम. पहिल्या रात्री पेडल मोकळं सोडा. दुसऱ्या रात्री सीटच्या फ्रेमपासून पेडलपर्यंत फळकुट अडकवून पेडल दाबलेलं ठेवा. मोकळं असताना गळलं, तर रिझर्व्हॉयरची नळी, तिचा क्लॅम्प किंवा मास्टरच्या डोक्यावरचं रबर बघा, कारण तिथे दाब नसतानाही तेल उभं असतं. दाबल्यावरच गळलं, तर दाबाच्या बाजूचे जोड, होज किंवा स्लेव्ह.

माझं काय झालं? दोन्ही रात्री पुठ्ठे कोरडे! गाडी उभी असताना थेंब नाही, चालवली की ओल. इथे मी दोन दिवस गोंधळलो होतो. नंतर लक्षात आलं की मास्टरचं मागचं सील (पेडलकडचं) पूर्ण दाब झेलतच नाही. ते फक्त पिस्टनच्या मागे शिरलेलं तेल अडवतं. ते थोडं झिजलं असेल तर पिस्टन पुढे-मागे होताना दर वेळी किंचित तेल ओढून बाहेर टाकतं. म्हणून फळकुटाची चाचणी कोरडी गेली तरी मास्टर निर्दोष सुटत नाही. बूट मागे सरकवून पुशरॉडला बोट लावा. बोट ओलं झालं की चोर सापडला.

मास्टर चांगला की वाईट हे वेगळं काढायचं असेल, तर त्याच्या आउटलेटचा पाइप काढून तिथे त्याच आट्यांचा डमी बोल्ट तांब्याच्या वॉशरसह घट्ट बसवा, मास्टरमधली हवा काढा आणि पेडल दाबा. दगडासारखं लागलं आणि मिनिटभर तसंच राहिलं, तर मास्टरचा पुढचा कप ठीक. हळूहळू खाली गेलं, तर तोच दोषी. पाच मिनिटांची चाचणी आहे आणि अर्धी गाडी संशयातून बाहेर काढते.

सीलं काय सांगत होती

काकांनी तिन्ही मागची सीलं खिडकीच्या कट्ट्यावर ओळीने मांडली आणि भिंग घेतलं. दुसरं सील बाकीच्या दोघांपेक्षा मोठं होतं, ओठ मऊ आणि फुगलेला. "हे कशात धुतलंस?" पेट्रोलमध्ये. बसवताना मास्टरचं भोक पेट्रोलने धुतलं होतं आणि सीलही त्यातच बुचकळून काढलं होतं. ब्रेक ऑइलसाठी बनवलेलं रबर खनिज तेलात फुगतं. पेट्रोल, डिझेल, घासलेट, इंजिन ऑइल, साधं ग्रीस, यातलं काहीही लागलं की ते सील मेलं समजा. उलट साधं नायट्राइलचं ऑइल सील किंवा ओ-रिंग ब्रेक ऑइलमध्ये टिकत नाही. "मापाला तर बसते" म्हणून नागदेवी स्ट्रीटवरून आणलेली काळी ओ-रिंग इथे वापरू नका. धुवायचं ते ब्रेक ऑइलने किंवा अल्कोहोलच्या स्पिरिटने, आणि बसवताना बोट बुडवायचं ते ताज्या ब्रेक ऑइलमध्ये.

पण पहिलं आणि तिसरं सील फुगलेलं नव्हतं. ते झिजलं होतं, आणि फक्त एका बाजूला. ओठाचा खालचा भाग घासून गुळगुळीत, वरचा भाग नव्यासारखा. मास्टरच्या भोकात टॉर्च मारली तर तळाला, तोंडाजवळ, एक लांबट चमकदार पट्टा. नख फिरवलं तर अडकत होतं. काका एवढंच म्हणाले, "तुझा रॉड पिस्टनला सरळ ढकलत नाहीये, खाली दाबतोय."

मापं घेतली. पेडल वरून लटकणारं. पिव्हटपासून (पेडल जिच्याभोवती फिरतं ती पिन) क्लेव्हिसच्या पिनपर्यंत (पुशरॉड पेडलला जिथे जोडला आहे) ५० मिमी, पिव्हटपासून पाय ठेवतो तिथपर्यंत २५० मिमी, म्हणजे पाचास एक. पुशरॉड साधारण १०० मिमी. मास्टर मी असा बसवला होता की पेडल मोकळं असताना लिव्हर बरोबर उभा आणि रॉड बरोबर आडवा. दिसायला एकदम नेटकं. पण पेडल पूर्ण दाबलं की पिस्टन ३० मिमी आत जात होता. पिन सरळ रेषेत जात नाही, ती पिव्हटभोवती वर्तुळात फिरते. शाळेतला काटकोन त्रिकोण आठवा: कर्ण ५०, एक बाजू ३०, म्हणून दुसरी बाजू ४०. म्हणजे पिन ३० मिमी पुढे जाताना १० मिमी वर उचलली जात होती. १०० मिमी लांब रॉडचं एक टोक १० मिमी वर, म्हणजे जवळपास सहा अंशांचा कोन.

सहा अंश म्हटलं तर काहीच वाटत नाही. पण पायाचा दाब १५ किलो धरला तर पाचपटीने रॉडवर ७५ किलो येतात, आणि या कोनात त्यातला दहावा हिस्सा, म्हणजे साडेसात किलो, पिस्टनला भोकाच्या तळावर दाबतो. प्रत्येक वेळी क्लच दाबला की! आणि सर्वांत जास्त तेव्हा, जेव्हा पेडल तळाला असतं. त्यात पिस्टन तिरपा होतो, सीलचा खालचा ओठ चिरडतो आणि भोकालाही पट्टा पडतो. मी दर वेळी त्याच पट्ट्यावर नवं सील बसवत होतो.

पेडल जास्त जात होतं, हा दुसरा दोष

कोन सुधारायला बसलो तेव्हा काकांनी आणखी एक प्रश्न विचारला: स्लेव्ह किती सरकायला हवा? मला माहीत नव्हतं. पेडलला पुढे स्टॉपरच नव्हता, मास्टर तळाला टेकेपर्यंत मी दाबत होतो.

हा हिशेब प्रत्येकाने करावा, कारण घरी बांधलेल्या गाडीत मास्टर एका गाडीचा, स्लेव्ह दुसऱ्या गाडीचा आणि क्लच तिसऱ्याच गाडीचा असतो. माझा मास्टर पाऊण इंची, म्हणजे १९.०५ मिमी, त्याचं क्षेत्रफळ २८५ चौरस मिमी. स्लेव्ह सात अष्टमांश इंची, २२.२ मिमी, क्षेत्रफळ ३८८. मास्टर ३० मिमी गेला तर ८५५० घन मिमी तेल सरकतं. त्याला ३८८ ने भागा, स्लेव्ह २२ मिमी बाहेर येतो. मागचं एक चाक जॅकवर उचलून, दुसरं जमिनीवर ठेवून, गिअर टाकून एकाने पेडल हळूहळू दाबलं आणि दुसऱ्याने चाक हाताने फिरवून बघितलं. (इंजिन बंद ठेवूनच, हा प्रयोग चालू इंजिनवर करू नका.) स्लेव्ह १२ मिमीवर असताना चाक मोकळं झालं. थोडी सवलत धरून १४ मिमी पुरे. म्हणजे मी क्लचला गरजेपेक्षा ८ मिमी जास्त ढकलत होतो.

याने दोन नुकसानं होतात. प्रेशर प्लेटची बोटं (क्लच सोडवताना दबणाऱ्या स्प्रिंगच्या पट्ट्या) मर्यादेपलीकडे दाबली जातात. आणि स्लेव्हचा पिस्टन भोकाच्या तोंडाशी अशा भागात जातो, जिथे एरवी सील फिरत नाही आणि बुटातून शिरलेल्या ओलाव्याने गंज धरलेला असतो. बूट उलटला तर तिथे खरंच तांबूस कडी होती आणि सीलच्या ओठावर बारीक चिरा. स्लेव्हही गळायच्या बेतात होता. आणखी एका पावसाळ्यात गळलाच असता.

१४ मिमीसाठी मास्टरला २० मिमीसुद्धा भरपूर. म्हणून पेडलच्या पुढे जाड पट्टीवर एक बोल्ट आणि लॉक नट लावून २० मिमीवर पेडल थांबवलं. आता कोन. २० मिमीचा अर्धा प्रवास लिव्हर उभा होण्याआधी आणि अर्धा नंतर झाला, तर पिन दोन्ही टोकांना फक्त १ मिमी उचलली जाते. त्यासाठी मास्टर हलवावाही लागला नाही. लेथवाल्याकडून पुशरॉड १० मिमी लांब करून घेतला आणि पेडलचा मागचा स्टॉपर सरकवला. पेडल ड्रायव्हरकडे ५० मिमी पुढे आलं, म्हणून सीट तिच्या रेलवर एक भोक मागे घेतली. कोन सहा अंशांवरून अर्ध्या अंशावर आला. वेल्डिंगचा एक टाकाही न मारता.

पुशरॉड लांब करताना एक चूक सहज होते, ती टाळा. पेडल मोकळं असताना रॉड आणि पिस्टन यांत सुमारे १ मिमी मोकळीक हवीच, पेडलवर ती ५ मिमीसारखी जाणवते. ती नसेल तर पिस्टन पूर्ण मागे येत नाही आणि रिझर्व्हॉयरकडे जाणारं बारीक भोक झाकलेलं राहतं. मग इंजिनच्या उष्णतेने तेल फुगतं, त्याला परत जायला वाट नसते आणि क्लच आपोआप अर्धवट दाबलेला राहून घसरतो. लोक मग क्लच प्लेट बदलतात.

मास्टर नवा घ्यावा लागला, ऑपेरा हाऊसच्या स्पेअर पार्ट बाजारातून. नख अडकतं ते भोक होनिंग करून (आतून घासून) वाचवायच्या भानगडीत पडू नका.

पाइप आणि जोड

इथे माझं नशीब चांगलं होतं, पण इतरांच्या गाड्यांत बघितलेलं सांगतो. एम १० बाय १ (मिमीतला) आणि तीन अष्टमांश यूएनएफ (इंचातला) हे दोन आटे दिसायला जुळे आहेत. यूएनएफचा नट १० मिमीच्या भोकात जातो, दोन-तीन फेरे पकडतो आणि मग एकतर ठिबकत राहतो किंवा आटे खातो. व्हर्नियर लावा: एक ९.५ मिमी, दुसरा १० मिमी. पाइपच्या टोकाचा आकारही तपासा. दुहेरी फ्लेअर आणि बबल फ्लेअर यांच्या बैठका वेगळ्या असतात. चुकीची जोडी कितीही आवळली तरी बसत नाही, उलट जास्त आवळल्याने चिरते. बँजो बोल्टचे (मधून तेल जाणारा पोकळ बोल्ट) तांब्याचे वॉशर दर वेळी नवे टाका. नसतीलच तर जुने लालसर होईपर्यंत तापवून गार करा, तांबं पुन्हा मऊ होतं.

स्लेव्हचा एअर काढायचा निपल सर्वांत वर हवा. घरी बांधताना जागेअभावी स्लेव्ह उलटा बसवला जातो, निपल खाली येतो आणि वर अडकलेला बुडबुडा कितीही पंप मारला तरी निघत नाही. अशा वेळी स्लेव्ह सोडून हातात उलटा धरून हवा काढा (पिस्टन बाहेर येऊ नये म्हणून दाबून धरा) आणि मग बसवा.

तेलाबद्दल. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं आणि मुंबईच्या पावसाळ्यात ओल कमी नसते. डॉट ३, डॉट ४ हे ब्रेक ऑइलचे प्रकार. कोरड्या डॉट ३ चा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश आणि डॉट ४ चा २३० अंश असावा लागतो, पण ओल शोषलेल्या तेलासाठी हेच आकडे १४० आणि १५५ वर येतात. शिवाय त्या पाण्याने भोकाला आतून खड्डे पडतात. मागच्या वर्षी उघडलेली अर्धी बाटली वापरू नका. मी दर वर्षी पावसाळा संपला की पूर्ण तेल बदलतो. डॉट ३, ४ आणि ५.१ एकमेकांत चालतात. नुसतं डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यांत मिसळायचं नाही. डॉट ३, ४ किंवा ५.१ सांडलं तर गाडीचा रंग उचलतं, लगेच भरपूर पाणी टाका.

स्लेव्ह बेलहाउसिंगच्या आत असेल तर

माझा स्लेव्ह बाहेर आहे, म्हणून हे सगळं जमिनीवर झोपून जमलं. रिलीज बेअरिंगसकट गोल स्लेव्ह गिअरबॉक्सच्या आत बसवलेला असेल तर पातळी कमी होते, बाहेर सगळे जोड कोरडे असतात आणि बेलहाउसिंगच्या खालच्या भोकातून पाण्यात विरघळणारं तेल येतं. तिथे गिअरबॉक्स उतरवण्याला पर्याय नाही. मात्र तो नवा टाकण्याआधी बेअरिंग आणि प्रेशर प्लेटची बोटं यांतलं अंतर मोजा. वेगवेगळ्या गाड्यांचे भाग जोडल्यावर हे अंतर हमखास चुकतं. अंतर जास्त असेल तर पिस्टन जास्त बाहेर जातो आणि नवा स्लेव्हही तसाच गळतो. मागे योग्य जाडीची स्पेसर रिंग लेथवर करून घ्या. आणि गिअरबॉक्स उतरवलाच आहे तर क्रँकच्या मागचं सील आणि इनपुट शाफ्टचं सील त्याच दिवशी बदलून टाका.